कढीपत्ता, क्वार्टरबॅक आणि आमचे जेट्स

(न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत, ऑगस्ट २०२५ च्या शेवटच्या शनिवारी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. मधले "मागे ऐकू येतंय का" तेवढे काढलेत.)

नमस्कार मंडळी. गणपतीत फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर कमिटीतल्या एका काकांनी मला विचारलं, मेस्सीवर का रे? नाही काका. आपला इकडचा. हेल्मेटवाला. ज्यात बॉलला पाय कधीमधी लागतो तरी नाव फुटबॉल, तो. पत्रिकेत विषय छापलाय "जेट्सचा यंदाचा ड्राफ्ट आणि नवा कोच", म्हणजे न्यूयॉर्कची आमची टीम जेट्स, आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजची नवी पोरं टीमांनी नंबराने निवडायची, त्यावर मी येतोच, पण आधी मला कढीपत्त्याबद्दल बोलायचंय. हसू नका, संबंध आहे.

त्याआधी जायंट्सवाले, न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमवाले, हात वर करा बघू. एवढे? बरं. तुमच्याकडे चार सुपर बोल, म्हणजे चार विजेतेपदं, आहेत, तुम्ही हसलात तरी चालेल. आमच्याकडे एक आहे, १२ जानेवारी १९६९ चा, त्यात आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जो नेमथ याने आधीच जाहीर सांगून टाकलं की जिंकणार म्हणजे जिंकणार, आणि कोल्ट्सला १६–७ ने हरवून दाखवलं. तेव्हा या हॉलमधले निम्मे लोक जन्मले नव्हते आणि उरलेल्यांच्या घरी टीव्ही नव्हता. मी इथे आलो २००९ ला. ऑफिसातल्यांनी विचारलं कुठली टीम, मी म्हटलं हिरवा रंग बरा वाटतो. त्या वर्षी जेट्स एएफसीच्या फायनलला, म्हणजे सुपर बोलच्या अलीकडच्या मॅचला, गेले, पुढच्या वर्षी पण गेले. मला वाटलं हे दरवर्षीच जात असतील! तेव्हापासून आजतागायत, चौदा सीझन झाले, प्लेऑफचं, सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड पाहिलेलं नाही. आता टीम बदलावी तर लग्न मोडल्यासारखं वाटतं, शिवाय तीन जर्सी घेऊन ठेवल्यात, तिन्हींवरचे खेळाडू सोडून गेले.

तर कढीपत्ता. इथे ज्यांनी ज्यांनी कुंडीत कढीपत्ता लावलाय त्यांना हे दुःख माहितीये. थंडी सुरू व्हायच्या आत कुंडी घरात घ्यायची, मग घरात ऊन कुठे आहे ते शोधत फिरायचं. मी एक रोप मागवलं होतं, चांगलं हातभर उंच, टवटवीत. पंधरा दिवसांत दोन पानं पिवळी पडली. मी घाबरलो, खिडकी बदलली. परत पडली, माती बदलली. कुणीतरी म्हणालं ताक घाल, ताक घातलं. दुसरं कुणीतरी म्हणालं ताक कसलं घालतोस, मोठी कुंडी आण, ती आणली. बायको रोज म्हणायची अहो त्याला जरा एका जागी राहू द्या, पण मला आपलं वाटायचं की काहीतरी केलं पाहिजे. फेब्रुवारीत नुसती काठी उरली. शेवटी ती काठी एका मित्राने नेली, त्याने दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आणि विसरून गेला. आज ते झाड त्याच्या घरात छताला लागलंय, आणि तो मला झिपलॉकमध्ये भरून माझ्याच झाडाचा कढीपत्ता आणून देतो. माझ्याच झाडाचा! फोडणीत टाकताना हात थरथरतो.

त्या झाडाचं नाव मी सॅम डार्नल्ड ठेवलंय. (हशा)

म्हणजे बघा, २०१८ चा ड्राफ्ट. सहाव्या नंबरवरून तिसऱ्यावर यायला आपण कोल्ट्सना दुसऱ्या राउंडचे तीन पिक, म्हणजे निवडीचे हक्क, जादा दिले आणि क्वार्टरबॅक डार्नल्डला घेतलं. त्याच रात्री सातव्या नंबरवर बफेलोने दुसरा क्वार्टरबॅक, जॉश ॲलनला घेतलं. पहिल्या वर्षी पास पूर्ण करायची टक्केवारी, डार्नल्ड ५७.७, ॲलन ५२.८. म्हणजे आपलं रोप बरं होतं, त्यांचं पिवळं पडलेलं होतं. मग त्यांनी काय केलं? काही नाही केलं हो. मॅकडरमट कोच तोच, डेबल ऑफेन्सचा, म्हणजे हल्ल्याच्या बाजूचा, को-ऑर्डिनेटर तोच, पुढे २०२० ला डिग्ससारखा रिसीव्हर, पास झेलणारा, आणून दिला आणि वाट बघितली, २०२४ च्या सीझनला तो ॲलन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरला. आणि आपण? एका वर्षात कोच बदलला, ॲडम गेझ आणला, त्याच्या पहिल्या प्रेस कॉन्फरन्समधले डोळे आठवतायत ना, तेव्हाच कळायला हवं होतं. नवा कोच म्हणजे नवी प्लेबुक, डावपेचांची वही, नवी भाषा, सगळं पाठांतर पहिल्यापासून. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेट्रियट्सकडून ३३–० ने मार खाताना डार्नल्ड साइडलाइनवर म्हणाला की मला भुतं दिसतायत, आणि ते माइकवर आलं. मी म्हणतो त्याला दिसली ती खरी होती.

तोच डार्नल्ड गेल्या वर्षी मिनेसोटात १४ मॅच जिंकला. आपला आधीचा क्वार्टरबॅक जीनो स्मिथ, त्याचं तेच, आपल्याकडे टीममधल्याच एकाने लॉकर रूममध्ये ६०० डॉलरवरून त्याचा जबडा मोडला, आणि पुढे सिॲटलला जाऊन २०२२ ला कमबॅक प्लेयर ऑफ द इयर. आणि यंदा मार्चमध्ये सिॲटलने काय केलं माहितीये? जीनोला रेडर्सकडे पाठवलं आणि त्याच्या जागी कोण आणला, तर डार्नल्ड. आपल्या कुंडीतली वाळलेली काठी काढून आपल्याच कुंडीतली दुसरी वाळलेली काठी लावली, आणि दोन्हींना पानं!

आता एक गोष्ट सांगतो, जरा लांबेल. डिसेंबर २०२०. माझे बाबा सांगलीहून आले होते आणि कोविडमुळे इथेच अडकले होते. जेट्स ०–१३. तोवर सीझनमध्ये एकही मॅच जिंकलेली नाही. आणि मी खूश होतो, कारण सगळ्यात वाईट टीमला ड्राफ्टचा पहिला नंबर, आणि त्या वर्षी पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाबांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे वर्गात शेवटून पहिला येईल त्याला स्कॉलरशिप? म्हटलं हो बाबा, तसंच. ते म्हणाले, मग अमेरिका पुढे कशी गेली?

शुक्रवारी रात्री आम्ही दोघं ॲडलेडची टेस्ट बघत बसलो होतो. पुढचं सांगायला नको, ३६ ऑलआउट. आकडा उच्चारला तरी अजून पोटात गोळा येतो. बाबा काही न बोलता उठून झोपायला गेले, दुसऱ्या दिवशी जेवले पण नाहीत धड. आणि रविवारी दुपारी आमची मॅच, लॉस एंजेलिसला, रॅम्स विरुद्ध. हरणार याची शंभर टक्के खात्री. आणि हे जिंकले! २३–२०! ३७ वर्षांचा फ्रँक गोर असा पळत होता की जणू घरी पाहुणे यायचेत. मी डोक्याला हात लावून कार्पेटवर बसलो. बाबा पाण्याचा ग्लास घेऊन आले, म्हणाले काय झालं, हरले का? म्हटलं नाही, जिंकले. ते माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, अरे हरायचं ठरवून जे हरूसुद्धा शकत नाहीत त्यांच्यासाठी तू रविवारची झोप घालवतोस?

पुढे काय झालं, जॅक्सनव्हिल आणि आपण दोघंही १–१३, पण त्यांच्या विरुद्ध खेळलेल्या टीम जास्त कच्च्या निघाल्या म्हणून पहिला नंबर त्यांना. आपण पुढच्या रविवारी ब्राउन्सनाही हरवलं, म्हणजे उरलीसुरली आशा पण संपवली. लॉरेन्स तिकडे गेला, आपल्याला दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक झॅक विल्सन. आणि इकडे जानेवारीत पहाटे पावणेतीनला बाबा मला हलवून उठवतायत, गॅबा जिंकलं, गॅबा जिंकलं! ३६ ला गुंडाळलेली टीम, कोहली घरी गेलेला, अर्धी टीम जखमी, आणि आपल्या अजिंक्यने शांतपणे, एक शब्द वाढवून न बोलता... बाबा तेव्हा म्हणाले ते माझ्या डोक्यात बसलंय, की बघ, नवीन कुणी विकत आणला नाही, होते त्यांनाच नीट सांभाळलं.

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? अहो पण मी अजून ड्राफ्टवर आलोच नाहीये. पोरांचा नाच आहे का पुढे? बरं बरं.

पटकन सांगतो. लॉरेन्स मिळाला असता तरी आपण त्याचंही तेच केलं असतं. जॅक्सनव्हिलने काय केलं, कॉलेजमधून अर्बन मायर आणला आणि तेरा मॅचमध्ये हाकलला, पोराचं पहिलं वर्ष गेलं वाया. म्हणजे ड्राफ्ट ही रोप आणायची जागा आहे, झाड व्हायचं ते घरी. सगळेजण एप्रिलमध्ये नर्सरीवर चिडतात. आपले फॅन तर त्यासाठी प्रसिद्धच, १९९५ ला वॉरन सॅपला घ्या म्हणून सॅप सॅप ओरडत होते आणि टीमने काइल ब्रेडी घेतला, १९८३ ला डॅन मरिनोसारखा क्वार्टरबॅक समोर असताना केन ओब्रायन. ते चुकलंच, मी नाही म्हणत नाही. पण २०२२ ला सॉस गार्डनर आणि गॅरेट विल्सन, एक डिफेन्सचा, एक ऑफेन्सचा, दोघंही आपापल्या बाजूचे रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखे, एकाच टीमचे! नर्सरी वाईट असती तर हे आले कुठून? आणि त्या दोघांना घेऊन ७–१०. मग नावाजलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आणला, म्हणजे तयार झाड मुळासकट उचलून आणलं, ते चौथ्या स्नॅपला, म्हणजे चौथ्याच चालीला, जखमी होऊन आडवं. ११ सप्टेंबर २०२३, मी स्टेडियममध्ये होतो, नाचो घेऊन जागेवर येईपर्यंत सीझन संपला होता.

आता यंदा. ॲरन ग्लेन कोच, स्वतः १९९४ ला जेट्सनेच पहिल्या राउंडमध्ये घेतलेला कॉर्नरबॅक, म्हणजे डिफेन्सचा खेळाडू, आठ वर्षं इथे खेळला, डेट्रॉइटमध्ये डिफेन्स सांभाळून आलाय. त्याने आणि नव्या जनरल मॅनेजरने, मूगीने, ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरवर काय घेतलं, आर्मंड मेंबू, ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला सांभाळणारा गडी. लोकांनी जांभया दिल्या. मी टाळ्या वाजवल्या! कारण गेल्या वर्षी फशानू घेतला होता डावीकडे, आता हा उजवीकडे, म्हणजे पहिल्यांदा कुणीतरी रोपाच्या आधी खिडकीचा विचार केला. दुसऱ्या राउंडला मेसन टेलर, टाइट एंड, म्हणजे क्यूबीला, क्वार्टरबॅकला, घाईत पटकन बॉल द्यायला एक जवळचा माणूस. आणि क्यूबी जस्टिन फील्ड्स, हा पण कुणाच्या तरी कुंडीत वाळलेलाच, शिकागोने सोडला, पिट्सबर्गने सहा मॅच खेळवून, त्यातल्या चार जिंकलेला असताना, बेंचवर बसवला. दोन वर्षांचे ४० मिलियन. त्याचा हात मला पूर्ण पटत नाही, पॉकेटमधून, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या गड्यांच्या घेऱ्यातून, लवकर पळतो, पण निदान एकदा तरी आपल्याकडे दुसऱ्याची काठी आलीये, नेहमी आपण देतो. गार्डनर आणि विल्सनला जुलैमध्ये मोठे करार देऊन ठेवलेत, तेही बरं झालं. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या चार मॅच हरले तरी ग्लेनला हात लावू नये, ऑफेन्सवाला बदलू नये, कुणी ताक घालू नये. मालक ऐकतील असं वाटत नाही. २००० पासून टीम त्यांच्याकडे आहे आणि...

हो हो, संपवतो. दुसरी चिठ्ठी आली, आरतीची वेळ झाली म्हणे. शेवटचं, पुढच्या शनिवारी अनंत चतुर्दशी, आणि दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला दुपारी १ वाजता आपली पहिली मॅच, घरच्या मैदानावर, पिट्सबर्गशी. त्यांचा क्यूबी ॲरन रॉजर्स, आपला क्यूबी त्यांनी सोडलेला फील्ड्स. माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे, बाबा यंदा सांगलीलाच आहेत. कुणाला हवं असेल तर आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत भेटा. जायंट्सवाले चालतील, पण हिरवं घालून यायचं. टाळ कुणाकडेयत?