मावशी आणि इफ्फी

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर लागला की आमच्या सावंतवाडीच्या मावशीचा फोन येतो, "गो, यंदा पणजेक जावचा मा?" पणजीला म्हणजे इफ्फीला. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला. मावशीला सिनेमाचं फारसं पडलेलं नाही, तिला माणसं बघायची असतात. पडद्यावरची माणसं, पण पडद्याबाहेर.

हा महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला. पुढे बरीच वर्षं तो दिल्लीत आणि इतर शहरांत फिरत राहिला, आणि २००४ पासून गोव्यात स्थिरावला. साधारण २० नोव्हेंबरपासून आठ-नऊ दिवस चालतो. जायचं असेल तर आधी नोंदणी करायची, मग गळ्यात घालायचं कार्ड घ्यायचं, मग प्रत्येक सिनेमाचं तिकीट आधी राखून ठेवायचं. लक्षात ठेवा, नुसत्या कार्डावर खुर्ची मिळत नाही. तिकीट काढायचं राहून गेलं तर रश लाइन, म्हणजे उरलेल्या जागांसाठीची रांग. त्या रांगेत पायांत चपला बऱ्या घाला.

आता मी आणि मावशी गेलो त्या दिवसाबद्दल. सकाळची गाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी. मांडवीच्या कडेकडेनं आम्ही कांपालपर्यंत चालत गेलो. महोत्सवाचं मुख्य ठिकाण आहे जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात. तिथं पोचल्यावर मावशी थबकली. "ह्या तर माझा हॉस्पिटल!" तिचं अपेंडिक्स तिथंच काढलेलं. सिंधुदुर्गातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी त्या इमारतीत झोपून आलेलं आहे, पुढे हॉस्पिटल बांबोळीला गेलं तरी. परदेशी पाहुणे भिंतीवरच्या रोषणाईचे फोटो काढत होते आणि मावशी शेजारच्या बाईंना आपली खाट कुठल्या खिडकीपाशी होती ते दाखवत होती.

दोन तास आम्ही कठड्यापाशी उभ्या. काळ्या काचांची गाडी आली की गर्दी पुढे सरकायची, मोबाइल वर व्हायचे. एका गाडीसाठी तर आरडाओरडा झाला, दार उघडलं आणि आतून उतरले दोघे जण, हातात कटलेटचे ट्रे. मावशी म्हणाली, "चला, कायतरी बघूक गावला."

चहा प्यायलो. कागदी कपातला. आता हे विषयाला सोडून आहे, पण कागदी कपात चहा देणाऱ्याला मी चहावाला म्हणत नाही. पहिल्या घोटाला कागद, शेवटच्या घोटालाही कागद. काचेचा ग्लास विसळायला किती पाणी लागतं हो?

असो. दुपारचा सिनेमा तुर्की होता. एक म्हातारी, तिची एक गाय आणि शेजाऱ्याशी बांधावरून भांडण. खाली इंग्रजी अक्षरं. मावशीला ती वाचता येत नाहीत, म्हणून मी कानात सांगत होते. कानातच सांगत होते, पण अंधारात कुजबूजही मोठी वाटते. पुढून दोनदा "श्श" झालं. मी गप्प बसले. मावशी बसली नाही. पडद्यावर म्हातारी कचेरीत कागद आपटते, तिथं मावशी स्पष्ट आवाजात म्हणाली, "गो, हिचो सातबारो कोणाच्या नावार आसा?"

मागून हसू फुटलं. आणि मागच्या खुर्चीतून एक जड, सावकाश आवाज आला, "काकी, तोच तर घोळ आहे."

मग काय! मावशी मागे वळून त्या अंधाराला सांगायला लागली, की मोजणी आणल्याशिवाय भागायचं नाही, आमच्याकडे सतरा वर्षं तेच चाललंय. आवाज म्हणाला, "सतरा?" मावशी म्हणाली, "अठरावा लागला." मी तिचा पदर ओढत होते. तो आवाज मला म्हणाला, "ताई, तुम्ही सांगत राहा. मलाही मराठीतच बरं कळतंय." मी उरलेला सिनेमा जरा मोठ्यानं सांगितला. पुढून पुन्हा "श्श" आलं नाही.

नावं वर सरकू लागली तेव्हा मागची खुर्ची खटकन मिटल्याचा आवाज झाला. दिवे लागले. खुर्ची रिकामी. बाहेर आलो तर कठड्यापाशी ही झुंबड, पोलीस हात पसरून उभे, आणि एक गाडी नुकतीच वळणावरून दिसेनाशी होत होती. कोण होता, विचारलं. पोरांनी नाव सांगितलं. ते नाव मी इथं घेत नाही, कारण खात्री नाही. तुमच्या घरात ते रोज घेतलं जातं एवढंच सांगते.

मी मावशीला म्हटलं, "आपल्यामागे तोच बसला होता असं कशावरून? चेहरा कुठं बघितला आपण?" ती म्हणाली, "चेहरो कित्याक होयो? मी त्येका आवाजावरसून वळाकलंय." चाळीस वर्षं स्वयंपाकघरात रेडिओ लावून भाकऱ्या थापलेली बाई ती. तिच्याशी आवाजाबद्दल कोण वाद घालणार, निदान या माइकसमोर बसून मी तरी नाही.

परतीच्या गाडीत म्हापशापर्यंत तिनं तो सातबारा पुन्हा एकदा सोडवला, मग झोपली.

आता घरी टीव्हीवर तो नट आला की पोरं ओरडतात, "आजी, तुझो माणूस इलो!" मावशी पदराला हात पुसत बाहेर येते, खुर्चीत बसते आणि डोळे मिटून घेते.