जावक वहीतला विषय

श्रोतेहो, नमस्कार.

लातूर घ्या, जालना घ्या, परभणी घ्या. स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक फोटो हमखास सापडतो. कागद एक, त्याला लागलेले हात दहा-बारा आणि पलीकडे जिल्हाधिकारी. खाली ओळ : निवेदन देताना व्यापारी संघटनेचे पदाधिकारी. पुढच्या रांगेतल्यांची नावं छापतात, मागचे सगळे ‘आदी’त जातात. आपण हसतो. पण कुणी, काय आणि कुणाकडे मागितलं, ते त्या फोटोत उघड असतं. दिल्लीत जाणाऱ्या निवेदनांचे असे फोटो फारसे दिसत नाहीत. सरकारी धोरण आपल्या बाजूने वळवायच्या अशा खटपटीला लॉबिंग म्हणतात.

2021 साल आठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या आडतीवर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात होतं. पोल्ट्रीवाल्यांना खाद्य परवडेना. त्यांच्या संघटनांनी पेंड आयातीची मागणी केंद्राकडे लावून धरली आणि ऑगस्ट संपायच्या आत 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, पेंड आणायला परवानगी मिळाली. सोयाबीन प्रक्रियादारांची इंदूरची संघटना, सोपा, विरोधात होती. दसऱ्यापर्यंत भाव निम्म्यावर आला. आता, नवा माल आला की भाव उतरतोच, सगळं खापर पेंडीवर फोडणं बरोबर नाही. आणि पोल्ट्रीवाल्यांनी मागणी करू नये असं थोडंच आहे? त्यांनाही पोट आहे. फक्त रेणापूरच्या ज्या शेतकऱ्याने भाव वाढेल म्हणून पोती घरात ठेवली होती, त्याला या पत्रापत्रीचा पत्ताच नव्हता.

आपल्याकडे लॉबिंगच्या नोंदणीचा कायदा नाही. 2013 साली लोकसभेत एक खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्याआधी, 2012 मध्ये, वॉलमार्टने लॉबिंगवर केलेल्या खर्चावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला. त्या खर्चाच्या विषयांत भारतीय बाजारपेठेतला प्रवेशही होता. अमेरिकेच्या कायद्यामुळे कंपनीला तो खर्च तिकडे जाहीर करावा लागला होता. विषय आपला, आणि तो कळला परक्या देशाच्या कागदावरून!

तरीही एक फट आहे. शेअर बाजारातल्या मोठ्या 1000 कंपन्यांना सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. तुमच्यापैकी ज्यांचं डिमॅट खातं आहे, त्यांनी आपल्या कंपनीच्या अहवालात तत्त्व क्रमांक 7, म्हणजे सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्याबद्दलचा भाग, उघडावं. कंपनी किती व्यापारी मंडळांची सभासद आहे तो आकडा, आणि त्यांतल्या मोठ्या दहांची नावं तिथे द्यावीच लागतात. पुढे आणखी एक रकाना असतो : सरकारकडे कोणत्या धोरणाचा आग्रह धरला? हा ऐच्छिक. म्हणजे कुठल्या बैठकीला जाता ते सांगा, तिथे काय बोललात ते वाटलं तर सांगा. मी चाळलेल्या दोन-तीन अहवालांत तिथे ‘लागू नाही’ एवढंच होतं. दहा मंडळांच्या वर्गण्या भरायच्या आणि सरकारकडे मागायचं काहीच नाही! आपल्याकडे इतकं निरिच्छ कोण असतं? भागधारकाला वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. हा विचारावा : व्यापारी मंडळाने आपल्या कंपनीच्या नावावर काय मागितलं, आणि आपल्याला ते मान्य होतं का?

दुसऱ्यांना विचारतोय, तर आधी घरचं बघावं म्हटलं. मीही एका स्थानिक व्यापारी संघटनेचा जुना सभासद. वर्गणी वेळेवर, पावत्या फायलीला. गेल्या वर्षी कार्यालयात जाऊन जावक वही मागितली. सचिव म्हणाले, “काय अण्णा, इन्कम टॅक्सवाले आले की काय?” चहा मागवला, वही काढली. 2021 चा ऑगस्ट शोधला. एक शोकसंदेश, एक सत्काराचं आमंत्रण, आणि मग एक नोंद : मा. मंत्रीमहोदय, नवी दिल्ली. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’.

वर सत्काराचं आमंत्रण होतं.