बापाच्या वयाचं काय?

(दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकातून दिसणारी चौकोनांची जाळी.)

नमुना पातळ व्हायला अर्धा तास गेला. आता तंत्रज्ञ एकेक चौकोन बघत शुक्रजंतू मोजतेय. काही सुळकन सरळ निघालेत, काही जागच्या जागी गिरक्या घेतायत, काही निपचित पडलेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा. पन्नाशीतल्या पुष्कळ पुरुषांचा आकडा याच्या वरच असतो. वीर्याचं प्रमाण आणि शुक्रजंतूंची हालचाल कमी झालेली असते. पण रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं दिसलं, की घरात पुन्हा सुनेच्याच सोनोग्राफीची तारीख ठरते.

‘पुरुषाला कसलं आलंय वय?’ म्हणणाऱ्यांचा आधार एकच: शुक्रजंतू रोज नव्याने तयार होतात. खरंय. पण गोम तिथेच आहे.

(दृश्य: पेशीविभाजनाचं ॲनिमेशन.)

मुलगा वयात आला, की वृषणातल्या मूळ पेशी साधारण दर 16 दिवसांनी विभागू लागतात. म्हणजे वर्षाला 23 वेळा. दर खेपेला डीएनएची अख्खी प्रत काढायची. विशीपर्यंत दीडशेच्या आसपास विभाजनं होतात, पन्नाशीपर्यंत आठशेच्या वर. पोथीवरून पोथी उतरवताना कुठे काना सुटावा, कुठे मात्रा, तसं इथेही होतं. 2012 मध्ये आइसलँडमधल्या कुटुंबांच्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की बापाचं वय वर्षाने वाढलं की मुलात सरासरी दोन नवे बदल जास्त सापडतात.

घाबरायचं कारण नाही, यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. काही मात्र नसतात. हातपाय आखूड राहणारा अकॉन्ड्रोप्लेसिया घ्या. अशी मुलं बरेचदा घरातली शेंडेफळं, म्हणजे आईबापाचं वय वाढल्यावर झालेली, असतात, हे विल्हेल्म वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी 1912 मध्येच हेरलं होतं. डीएनएची रचना उलगडण्याच्या चाळीस वर्षं आधी!

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही चाळिशीनंतर उतरतं, पण हळूहळू, वर्षाला टक्काभर. जाहिराती त्याचंच भांडवल करतात. आणि बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतूंची निर्मितीच दाबून टाकतं, हे तिथे कुणी सांगत नाही. मूल हवं असणाऱ्याने ते इंजेक्शन परस्पर घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

भारतात 2021 च्या कायद्याने आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी पुरुषालाही 55 वर्षांची मर्यादा घातली आहे.

वय काही मागे फिरत नाही. तंबाखू, सिगारेट मात्र सोडता येते. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टर पुढची तपासणी तीन महिन्यांनी लिहून देतात.