जमेल तसं, पण आपलं आपण

नमस्कार श्रोतेहो.

गोव्याबाहेर कुठे लग्नकार्याला गेलं आणि आपण गोव्याचे असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "तुमचं काय बुवा, रोजच मजा!" त्याच्या डोळ्यांसमोर कळंगुटचा किनारा असतो. आता त्याला कुठे सांगत बसायचं, की फोंड्याला राहणाऱ्या माझ्यासारखीला समुद्र दिसतो तो पाहुणे आले तरच. त्यांना न्यावं लागतं म्हणून जायचं. तरी मी त्याचं बोलणं खोडून काढत नाही. मजा आहेच, फक्त ती कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. आणि खरं सांगायचं तर हल्ली आपल्यालाही तिचा विसर पडायला लागलाय. गाणं म्हणजे कुणा मोठ्या माणसाने गायलेलं, जेवण म्हणजे फोनवरून मागवलेलं, फिरणं म्हणजे कुणीतरी आखून दिलेलं. आपल्या हातून थोडं वाकडंतिकडं का होईना, काही घडलं तर त्यातही गंमत असते, हे मानायलाच आपण तयार नाही. माझं आजचं भांडण आहे ते याच्याशी.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलीय, तेव्हा खतखतं या मिसळ भाजीपासूनच सुरुवात करते.

खतखत्यात भाज्या किती घालायच्या यावर घरोघरी मतभेद आहेत. कुणी पाच म्हणतं, कुणी सात, कुणी अकराच्या खाली उतरायलाच तयार नसतं. सुरण, रताळं, लाल भोपळा, मुळा, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, नीरफणस, जे बाजारात दिसेल ते. कठीण भाजी आधी आणि मऊ मागाहून, एवढं सांभाळलं की निम्मी काळजी मिटली. तुरीची डाळ वेगळी शिजवून घ्यायची. ओला नारळ, सुकी मिरची, हळद यांचं वाटण. आंबटाला सोलं, म्हणजे आमसुलं, नावाला गूळ. आणि मग तिरफळं.

तिरफळांपाशी जरा थांबू या. वाळलेलं तिरफळ हातात घेतलं की त्याचं टरफल उललेलं दिसतं आणि आत एक काळी, चकचकीत बी. ती बी दिसायला सुरेख, पण कामाची नाही. ती काढून टाकायची. सगळा गुण आहे तो त्या खरबरीत टरफलात. ही टरफलं चार चमचे पाण्यात ठेचायची आणि भाज्या शिजत आल्या की त्या पाण्यासकट वरून ओतायची. झाकण ठेवायचं. थोड्या वेळाने झाकण काढलं की जो वास येतो तो थोडा लिंबाच्या सालीचा, थोडा मिऱ्याचा, आणि नीट हुंगला तर दोन्हींचा नाही. जिभेला तिखट लागत नाही, पण ती हलकेच बधिर होते, ओठांना मुंग्या येतात. पहिल्यांदा खाणारा दचकतो. दुसऱ्यांदा खाणारा वाटी पुढे करतो. शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल, आणि फोडणी नाही. पुन्हा सांगते, फोडणी नाही. परवा एका व्हिडिओत खतखत्याला मोहरी-कढीलिंबाची चुरचुरीत फोडणी बसताना पाहिली. बसो बापडी.

आमच्या सासूबाई आता ओट्यापाशी उभ्या राहत नाहीत, खुर्चीत बसून सूचना करतात. त्यांचं खतखतं पातळसर व्हायचं, माझं दाट होतं. मुलांना माझं आवडतं, नवऱ्याला अजून आईचंच. पण पातेलं दोन्ही वेळा रिकामं होतं, आणि उरलंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोळीबरोबर आदल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं. घरच्या जेवणाला परीक्षक नसतात, टीकाकार तेवढे असतात, आणि तेही जेवूनच उठतात.

याच दिवसांत फोंड्याच्या, डिचोलीच्या, साखळीच्या, म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान येतं. रानावनांतून माणसं पहाटे उतरतात आणि रस्त्याकडेला बसतात. सुपारीचे घोस, नारळांचा घड, तोरिंजनं, चिबूड, आंबाडे, दोडकी, लालकेशरी कौंडळं. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला हे सगळं बांधायचं. आमच्या शेजारचे काका वीज खात्यात वायरमन. वर्षभर खांबावर चढतात, चवथीच्या आदल्या रात्री देवासमोरच्या शिडीवर. खालून पोरं ओरडत असतात, "काका, लाल सगळं एकाच बाजूला झालं!" मग काका ते कौंडळ सोडून पलीकडे बांधतात, लांब होऊन बघतात, पुन्हा मूळ जागी आणतात. चित्रशाळेत जाऊन शिकलेला माणूस याहून वेगळं काय करतो, मला सांगा. पोरांना त्या निमित्ताने रानातल्या फळांची नावं कळतात, जी शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नसतात. आता माटोळीच्या स्पर्धाही होतात. शेकडो प्रकारची फळं-पानं बांधतात, बियांची नि सालींची देवादिकांची चित्रं करतात. बघून थक्क व्हायला होतं. पण माझं मन रमतं ते आमच्या काकांच्या, थोडी डावीकडे कललेल्या माटोळीतच. शिवाय विसर्जनानंतर ती मोडून तिच्यातल्या खायच्या फळभाज्यांची भाजी करता येते.

आणि देवासमोर आरतीला कोण गातं? ज्याला गळा आहे तो, आणि ज्याला नाही तो त्याहून मोठ्याने. साथीला घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळं, म्हणजे झांजा. घुमट बहुतेकांनी पाहिलेलं असतं, पण ते वाजतं कसं ते फार जण निरखून बघत नाहीत. दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, धाकटं तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डाव्या हाताचा तळवा धाकटं तोंड झाकतो, उघडतो. त्या झाकण्या-उघडण्यात सगळी करामत आहे. नवशिका उजव्या हाताकडे बघत राहतो आणि डावा विसरतो, मग मडक्यातून नुसता टपटप आवाज येतो. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद होणं भागच होतं, आता बकऱ्याचं लावतात. जुने वादक म्हणतात, तो नाद गेला. असेलही. पण घोरपडी राहिल्या, हेही काही वाईट झालं नाही. २०१९ साली सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आमच्या वाड्यावरच्या पोरांना त्याचा पत्ता नाही. ती श्रावण लागल्यापासून संध्याकाळी कुणाच्या तरी पडवीत जमतात आणि शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप देतात.

अशा हौशी गोंगाटाला कमी लेखू नका. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात जगभरातलं निवडक संगीत आहे. भारतातलं त्यात एकच गाणं, केसरबाई केरकरांची भैरवी. बाई इथल्याच, केरीच्या. त्याच तबकडीवर मराठीतून केलेला नमस्कारही आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गाणं सांभाळलं, हे खरंच. पण त्यांच्यासमोर मंडपात बसणारी माणसं कोण होती? नारळाच्या बागा करणारी, शेती करणारी. त्यांना गाता येत नव्हतं, पण सम चुकली की कळत होतं. आजही कुठल्याही गावच्या जत्रेत मराठी नाटकाला बसा. नट गावचेच. पोस्टमन खलनायक, मास्तर राजा. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पदं पाठ असतात, आणि राजा अडखळला तर विंगेतून यायच्या आधी समोरून शब्द येतो! पहाटेपर्यंत हे चालतं. नाटक चांगलं झालं की नाही हा प्रश्न पुढचे आठ दिवस पुरतो.

आता फिरणं. गोव्याच्या माणसाने गोव्यात फिरायचं तर बोटीने फिरावं असं माझं मत आहे. बोट म्हणजे आपली साधी फेरीबोट. जुन्या गोव्याला जायचं आणि दिवाडी बेटाची फेरी धरायची. पलीकडे पोचायला काही मिनिटं लागतात. स्कूटरवाले स्कूटरवरून उतरतही नाहीत. पलीकडे धक्क्यापासून रस्ता खाजनातून, म्हणजे नदीकाठच्या खोलगट शेतजमिनीतून जातो, दोन्ही बाजूंना बांध घातलेली शेतं आणि खाऱ्या पाण्याची ये-जा आवरणारी दारं, म्हणजे मानशी. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून तिथे मासे धरतात. बांधावर बगळे, डोक्यावर घारी. बेट पार केलं की दुसऱ्या टोकाला दुसरी फेरी, आणि ती तुम्हाला सोडते नार्व्याला.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा याच दिवाडीवरचा. कदंब राजांचं हे दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटावरचं देऊळ पाडलं, तेव्हा लिंग नदीपलीकडे, त्यांच्या हद्दीबाहेर नेलं गेलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडे पुन्हा मोठं काम झालं आणि २०२३ मध्ये देऊळ नव्याने खुलं झालं. हे सगळं पाटीवर वाचता येतं, पण ज्या नदीवरून देव पलीकडे गेला ती नदी त्याच वाटेने बोटीतून ओलांडून गेलं, तर ते पाटीबिटी न वाचताच कळतं. जाताना काही आखू नका. फेरी सुटली तर दुसरी येते. तोवर धक्क्यावर गळ टाकून बसलेला कुणी असतोच, त्याला "काय लागलं?" एवढं विचारलं की पुरे. मुलांना घेऊन जात असाल तर खायचं बरोबर न्या. दिवाडीवर हॉटेलांच्या भरवशावर राहू नये.

मे महिन्यात सवड असली तर कुर्डीलाही जाऊन या. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. पांगलेली माणसं तेव्हा परत येतात आणि उत्सव करतात. मोगूबाईंचं गाव ते हेच. त्याबद्दल जास्त सांगत नाही, ते बघायचं आहे.

राहिलं वाचन. पणजीला पाटो भागात आपलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था आज केळोशीच्या कृष्णदास शामा यांचं नाव लावते, सोळाव्या शतकात मराठी ओव्या रचणारा हा गोव्याचा माणूस. तिथे अभ्यासूंनी जावं, जुनी वर्तमानपत्रं चाळावीत, सगळं करावं. पण माझ्यासारख्या बाईने तिथून काय आणायचं, तर मागच्या वर्षीचे दिवाळी अंक आणि रहस्यकथा. हलकंफुलकं वाचतो असं सांगायला लोक का लाजतात, मला कधी समजलेलं नाही. पावसाच्या दुपारी वीज गेलेली, पंखा बंद, अशा वेळी जाडजूड ग्रंथ उशाला बरा.

आमच्याकडे एक खोड आहे. पावसात रात्रीची जेवणं झाली की एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी हातातलं काम करत ऐकायचं. कुणी अळसांदे सोलतं, कुणी इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालतं. वाचणारा काही आकाशवाणीचा निवेदक नव्हे. धाकटा मुलगा जोडाक्षरांना अडतो, नवरा संवाद आले की उगाच आवाज बदलतो. तरी सगळे ऐकतात, कारण खून झालेला असतो आणि खुनी सापडायचा असतो.

मागच्या पावसात कुठल्याशा वाचनालयातून आणलेल्या अशाच एका जुन्या रहस्यकथेची शेवटची चार पानं कुणीतरी फाडून नेली होती. आम्ही तिथवर पोचलो आणि पुढे मलपृष्ठ! क्षणभर सगळे गप्प. मग जो तो आपापला शेवट सांगायला लागला. मुलाने माळ्याला धरलं, कारण माळी पहिल्या प्रकरणात आला आणि नंतर दिसलाच नाही. नवऱ्याचा संशय पुतण्यावर, त्याला कर्ज झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर. का, तर तो रात्री-अपरात्री बोलावल्यावर लगेच यायचा, असा डॉक्टर त्यांनी आजवर पाहिलेला नाही. दुसरी प्रत मिळाली तर बघू म्हणून मी शोधत होते. परवा समजलं, एका मैत्रिणीकडे आहे. ती आणून द्यायला तयार आहे, पण घरात कुणालाच ती नको आहे. सासूबाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "लेखकाने दुसरंच कुणाला धरलं असलं तर चुकलं त्याचं."

नमस्कार.