सतरा ठिकाणचे पोहे

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, पण एकही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार होईना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण कोण? फाळक्यांची लेक, मंदाकिनी. घरात फाळक्यांची बायको सरस्वतीबाई फिल्म कॅमेऱ्यात पुढं सरकावी म्हणून तिच्या कडांना भोकं पाडत होत्या, दागिने मोडून पैसे उभे करत होत्या. नाशिकला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात आपण पोरांना फिरवायला नेतो, भेळ खातो, परत येतो. असो.

आज बोलायचंय ते तरुण मुलींवरच्या छोट्या, स्वतंत्र सिनेमांबद्दल. स्वतंत्र म्हणजे मोठ्या कंपनीचा पैसा नाही, मोठा हिरो नाही. आसामच्या रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ स्वतःच लिहिला, स्वतःच कॅमेरा धरला आणि संकलनही स्वतःच केलं. गिटार हवी म्हणून हटून बसलेल्या गावातल्या पोरीची ती गोष्ट. २०१८ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पुरस्कार मिळाला. मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी नर्सबाया आणि त्यांच्याबरोबर आपल्या छाया कदम. हे सिनेमे बघताना एकच गोष्ट बघा. कॅमेरा कुणाच्या शेजारी बसलाय? पुन्हा सांगते, कॅमेरा कुणाच्या शेजारी बसलाय?

मालिकांमध्ये तो कुणाच्याच शेजारी नसतो, तो दागिन्यांवर असतो. बाई झोपेतून उठते तीही नथ घालून! माझ्या आईनं नथ वर्षातून दोनदा घातली, आणि दोन्ही वेळा ‘टोचते’ म्हणून तासाभरात काढून ठेवली.

आता ती गोष्ट सांगते. माझ्याकडून ती आधी ऐकलेल्यांनी चहा करून यावा.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा मराठी सिनेमा २०२३ साली टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार घेऊन आला आणि आपल्याकडे लागला मार्च २०२५मध्ये. विदर्भातलं खेडं, तिथलीच माणसं, आणि शिकायचं मनात असलेल्या मुलीचे एकामागून एक बघण्याचे कार्यक्रम. मी ठरवलं, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे माझ्या नणंदेचं गाव आहे, तिथल्या बायकांना घेऊन जायचं. मार्च म्हणजे द्राक्षाची काढणी ऐन भरात. रोजाचा खाडा कोण करणार? तरी आठ जणी जीपनं निघाल्या. माझ्या नणंदेची सासू, वय वर्षं शहात्तर, आणि शेवटच्या सीटवर कॉलेजातली एक पोरगी, जिला आदल्याच रविवारी कुणी बघून गेलेलं.

नाशिकला पोचलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, दहा तिकिटं झाली नाहीत तर शो लागणार नाही.” दुपारी पावणेबाराची वेळ, दुसरं चिटपाखरू नाही. आम्ही मोजून नऊ. छोट्या सिनेमाचं मरण असं असतं बघा. वेळ अशी द्यायची की कुणी येऊ नये, आणि मग म्हणायचं, कुणी आलंच नाही. मी बाहेर गेले. जीपवाले भाऊ सीट मागं टाकून आडवे झाले होते. म्हटलं, “उठा, तुमचंही तिकीट काढलंय.” ते म्हणाले, “काकू, बायकांच्या पिक्चरमध्ये मी काय करू?” म्हटलं, “झोपा. आत एसी आहे.”

सिनेमा सुरू होतो तोच उलटा. मुलाला बघायचा कार्यक्रम, आणि प्रश्न विचारणाऱ्या बाया! आमच्या रांगेत हसू फुटलं. ते स्वप्न असतं. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. एकदा, दोनदा, तीनदा. दुसऱ्या वेळेपासून आमच्या म्हातारीनं पडद्यावरच्या पाहुण्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. “उंची किती?” “तुझ्या आईएवढी!” तिसऱ्या वेळी सगळी रांग बोलत होती. नाव एकीनं सांगितलं, शिक्षण दुसरीनं. चौथ्या वेळी मात्र कुणीच बोललं नाही. मी वळून पाहिलं, तर म्हातारीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. आणि मागच्या रांगेत जीपवाले भाऊ टक्क जागे, पुढच्या सीटवर दोन्ही हात टेकून.

कॅमेरा कुणाच्या शेजारी बसलाय, म्हणते ते हेच. आयुष्यभर आपण पाहुण्यांच्या बाजूनं ती मुलगी बघत आलो. इथं तिच्या जागेवरून पाहुणे दिसतात. त्यांच्या चपला, त्यांचे पोहे खाणारे हात.

परत येताना जीपमध्ये कुणी बोलेना. एरवी या बायका ओझर येईपर्यंत तीन संसार मोडून पुन्हा जोडतात. ओझर मागं पडलं तेव्हा भाऊच म्हणाले, “काकू, मी सतरा पोरी बघितल्या होत्या. सतरा ठिकाणचे पोहे खाल्ले. आज आठवायला गेलो, तर एकीचंही नाव येईना.”

मागून त्या कॉलेजच्या पोरीनं विचारलं, “पोहे आठवतात का, दादा?”

भाऊंनी गिअर बदलला. म्हणाले, “हो. निफाडच्यांत खोबरं होतं.”