व्ही. के. मूर्ती : गुरुदत्तच्या अलीकडे आणि पलीकडे

(सोलापुरातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

सोलापूरकर रसिकहो,

छायालेखक व्ही. के. मूर्ती हे नाव घेतले की तीन चित्रे लगेच डोळ्यांपुढे उभी राहतात : ओसाड स्टुडिओत वरून तिरपा उतरलेला प्रकाशाचा झोत, सभागृहाच्या दारात हात पसरून उभा राहिलेला कवी, आणि हवेलीतल्या धाकट्या सुनेचा अंधारातून उजळून आलेला चेहरा. अनुक्रमे ‘कागज के फूल’, ‘प्यासा’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’मधली ही तिन्ही चित्रे गुरुदत्त यांच्या चित्रपटसंस्थेतली आहेत, तिन्ही कृष्णधवल आहेत आणि तिन्ही १९५७ ते १९६२ या काळातली आहेत. मूर्तींविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातला मोठा भाग या पाच-सहा वर्षांभोवतीच घुटमळतो. मूर्ती स्वतः मात्र त्यापुढेही तीस वर्षे कॅमेऱ्यामागे उभे होते. गुन्हेपट, खुसखुशीत विनोदी चित्रपट, शोकांतिका, परदेशात चित्रित झालेली रंगीत प्रेमकथा, धर्मेंद्रचा साहसपट, दूरदर्शनवरच्या मालिका आणि उतारवयात मायभाषेतला एक कन्नड चित्रपट, एवढा त्यांच्या कामाचा पसारा आहे. त्या सगळ्या पसाऱ्यात मूर्तींची स्वतःची अशी एक शैली शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही, असे मला वाटते. त्यांच्याजवळ होती ती एक पद्धत. या दृश्यात प्रकाश कुठून येतो आहे, हे आधी ठरवायचे, आणि मग त्या चित्रपटाच्या जातीला मानवेल तेवढाच तो दाखवायचा. आज मी बोलणार आहे ते या पद्धतीविषयी.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म म्हैसूरचा, १९२३ सालचा. तरुणपणी ते व्हायोलिन वाजवत. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३० चा लष्करी कायदा पाहिलेल्या या शहरात त्याचे फार नवल वाटणार नाही, म्हणून पुढे जातो. बंगळूरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून १९४६ साली त्यांनी छायालेखनाची पदविका घेतली आणि ते मुंबईला आले. छायालेखक व्हायचे म्हणजे एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ट्रॉली ढकलण्यापासून सुरुवात करायची, अशा त्या काळात रीतसर तांत्रिक शिक्षण घेऊन आलेला हा तरुण फली मिस्त्री यांच्यासारख्या कसबी छायालेखकाकडे सहायक राहिला. पुस्तकातले प्रकाशशास्त्र आणि स्टुडिओतला हात असे दोन्ही त्यांना लाभले आणि पुढे दोन्ही कामी आले.

गुरुदत्त यांच्या ‘बाझी’ (१९५१) या पहिल्या चित्रपटाचे मुख्य छायालेखक व्ही. रात्रा होते आणि मूर्ती त्यांचे सहायक. एका गाण्यातला कॅमेऱ्याच्या हालचालीचा अवघड शॉट रात्रांच्या संमतीने मूर्तींनी घेतला, तो गुरुदत्तना आवडला आणि पुढच्या ‘जाल’पासून कॅमेरा मूर्तींच्या हाती आला. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यापुढे एकदम ‘प्यासा’वर उडी घेतली जाते आणि मधले ‘आरपार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) आणि राज खोसला दिग्दर्शित ‘सीआयडी’ (१९५६) हे जणू पूर्वतयारीचे चित्रपट ठरतात. मला ही उडी मान्य नाही.

हे तीन चित्रपट प्रकाशाच्या अंगाने शेजारी ठेवून पाहावेत. छायालेखक चेहऱ्यावर एक मुख्य दिवा टाकतो, त्याला की लाइट म्हणतात. त्या दिव्याने पडलेल्या सावल्या भरून काढायला जो मवाळ प्रकाश लागतो, तो फिल लाइट. या दोहोंचे प्रमाण बदलले की चित्रपटाची जात बदलते. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हा व्यंगचित्रकार नायकाचा हलकाफुलका चित्रपट आहे, म्हणून तिथे सावल्या भरपूर भरल्या आहेत. चेहरे स्वच्छ दिसतात, कारण विनोदी प्रसंगात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहराही दिसावा लागतो, आणि तो अंधारात गेला तर हशाच जातो. ‘सीआयडी’त फिल जवळजवळ काढून घेतला आहे, दिवे कठोर आहेत आणि भिंतीवरची सावली पुष्कळदा माणसाच्या आधी आत येते. दोन्ही चित्रपटांत फारसे अंतर नाही, आणि छायालेखक एकच आहे. आपल्या सोलापुरात हे समजावून सांगायला फार लांब जायला नको : जॅकार्डच्या मागावर नक्षीचे छिद्रांकित पत्ते बदलले की त्याच ताण्यावर चादरीची नक्षी बदलते, माग मात्र तोच राहतो.

आता ‘कागज के फूल’ (१९५९). भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोपच्या लेन्समध्ये दृश्याची रुंदी निगेटिव्हवर निम्म्याने दाबली जाते आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरी लेन्स ती पुन्हा पसरवते. पडद्याची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक होते. सुरुवातीच्या सिनेमास्कोप लेन्समधून फार जवळून क्लोजअप घेतला तर चेहरा आडवा सुजल्यासारखा दिसे. हॉलिवूडमधले तंत्रज्ञ या दोषाला चक्क गालगुंड म्हणत. गुरुदत्त यांचा सगळा भर तर चेहऱ्यावर आणि त्यातही डोळ्यांवर. मोठमोठी युद्धे आणि वाळवंटे दाखवण्यासाठी आलेला आडवा पडदा मूर्तींनी एकाकीपणासाठी वापरला : माणूस एका कडेला, आणि उरलेली सारी चौकट स्टुडिओच्या रिकाम्या पोकळीने भरलेली. स्कोपची रुंदी भरून काढण्याच्या धडपडीत गर्दी जमवणारे छायालेखक पुष्कळ झाले. ती रिकामी ठेवण्याचे धैर्य दुर्मीळ.

त्या सुप्रसिद्ध झोताविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण त्याची आख्यायिका झाली आहे आणि आख्यायिकेत कसब हरवते. स्टुडिओच्या मोठ्या दिव्यांनी असा झोत करायचा म्हटले तर अडचण अशी, की दिवा जवळ असतो आणि त्याचा प्रकाश जाता जाता पसरतो; झोताच्या कडा पंख्यासारख्या उघडत जातात आणि हा दिवा आहे हे प्रेक्षकाला न सांगताही कळते. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळपास समांतर पोहोचतात. म्हणून मूर्तींनी एक मोठा आरसा बाहेर उन्हात ठेवला, त्यातून परावर्तित झालेले ऊन आत उंचावर ठेवलेल्या दुसऱ्या आरशावर घेतले आणि तिथून ते खाली सोडले. हवेत धूर केला, कारण प्रकाश स्वतः दिसत नाही. तो कशावर तरी पडल्यावर दिसतो. एवढे सांगून लोक थांबतात. खरी कसोटी यापुढे आहे. सूर्य दर ४ मिनिटांना १ अंश सरकतो. बाहेरचा आरसा जागच्या जागी राहिला, तर वीस मीटर अंतरावर झोत तेवढ्या वेळात फूटभर हलतो. नट ठरलेल्या खुणेवर उभे आहेत, कॅमेरा त्यांच्याकडे सरकतो आहे, आणि झोत मात्र कलंडत चालला आहे. म्हणजे आरशापाशी माणूस हवा, त्याने प्रत्येक टेकआधी आरसा नेमका जुळवायला हवा, धूर फार दाट होऊ नये आणि विरूनही जाऊ नये. पडद्यावर काळ थांबल्यासारखा वाटतो त्या दृश्यामागे लाइटमन मंडळींची केवढी धावपळ असेल, याचा अंदाज यावरून करावा. चित्रपट तिकीटबारीवर आपटला. छायालेखनाचे फिल्मफेअर पारितोषिक मूर्तींना मिळाले. तेच पारितोषिक पुढे ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) साठीही मिळाले.

या दुसऱ्या चित्रपटातले ‘साकिया आज मुझे नींद नहीं आयेगी’ हे मुजऱ्याचे गाणे आठवावे. मुख्य नर्तिका प्रकाशात आहे आणि तिच्या मागच्या साऱ्या नर्तिका गाणेभर छायेत. त्या हलतात, गिरक्या घेतात, पण चेहरा एकीचाही उजळत नाही. माणूस चालत-नाचत असताना त्याला सतत अंधारात ठेवणे हे उजेडात ठेवण्यापेक्षा अवघड काम आहे. प्रत्येक दिव्यापुढे कटर, म्हणजे प्रकाश अडवणारा आडोसा, लावून प्रकाशाची सीमा जमिनीवर आखावी लागते आणि नर्तिकांना ती पाळावी लागते. व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाला ठेक्यावर चालणारा अंधार सुचावा, हे मला स्वाभाविक वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) या चित्रपटाचे छायालेखक नरिमन इराणी होते. त्यातले रंगीत शीर्षकगीत मात्र मूर्तींनी चित्रित केले. इथून त्यांच्या रंगीत कामाकडे येतो, आणि इथेच माझे बऱ्याच समीक्षकांशी जमत नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये गुरुदत्त गेले आणि त्यानंतरचे मूर्ती म्हणजे उतरती कळा, असे मानायचा प्रघात आहे. प्रमोद चक्रवर्ती यांच्यासाठी त्यांनी ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६), ‘नया जमाना’ (१९७१), ‘जुगनू’ (१९७३) असे चित्रपट केले. कुठे प्यासा आणि कुठे जुगनू, असे म्हणून लोक मान हलवतात.

त्या वेळच्या रंगीत फिल्मचा आधी विचार करायला हवा. १९५९ मध्ये आलेल्या ईस्टमन कलरच्या फिल्मची संवेदनशीलता ५० एएसए होती. त्याच सुमारास कृष्णधवल फिल्म २०० एएसएपर्यंत पोहोचली होती. म्हणजे त्याच दृश्याला रंगात चौपट प्रकाश लागे. जिथे चौपट दिवे लावायचे तिथे सावल्या राखणे कठीण होते, कारण प्रत्येक वाढीव दिवा स्वतःची सावली घेऊन येतो. शिवाय कृष्णधवलमध्ये नायिकेला भिंतीपासून वेगळे काढायला मागून टाकलेला बॅक लाइट लागतो. रंगात साडीचा रंग आणि भिंतीचा रंग ते काम करून टाकतात, तेव्हा तीच जुनी युक्ती केली तर ती भडक दिसते. ‘लव्ह इन टोकियो’त मूर्तींनी जपानातल्या उघड्या जागा, गर्दीचे रस्ते आणि बागा खुल्या, आनंदी प्रकाशात घेतल्या. त्या चित्रपटात ‘कागज के फूल’चा अंधार आणला असता तर ते छायालेखकाने चित्रपटावर केलेले आक्रमण ठरले असते. ‘जुगनू’बद्दल मी इतका उदार होणार नाही, त्यातले सेट इतके सपाट उजळले आहेत की डोळ्याला विसावा मिळत नाही. पण त्या काळातल्या साहसपटाचा प्रेक्षक झगमगाट पाहायला येत असे, आणि मूर्तींनी तो दिला.

याच काळातले एक काम तर पडद्यावर ओळखूही येऊ नये, असे आहे. ‘पाकीजा’चे जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग १९६७ साली निवर्तले तेव्हा चित्रपट अपुरा होता. तो पुरा करायला ज्या छायालेखकांनी हात लावला त्यांत मूर्ती होते. दुसऱ्याने वर्षानुवर्षे लावलेल्या प्रकाशाशी आपला प्रकाश जुळवायचा, जोड दिसू द्यायचा नाही, आणि श्रेयाची अपेक्षा ठेवायची नाही. ज्याला स्वतःची ठाशीव शैली आहे त्याला हे काम जड जाते. १९७२ साली चित्रपट लागला तेव्हा तो विर्शिंगचाच राहिला होता.

मूर्तींच्या हाताखाली दहा वर्षे तयार झालेले गोविंद निहलानी त्याच बंगळूरच्या पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. पुढे त्यांनी श्याम बेनेगल यांचे ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ केले आणि ‘जुनून’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. गुरूच्या कामाची नक्कल त्यांत कुठेही दिसत नाही. ‘अंकुर’मधले ऊन तेलंगणातले, रखरखीत आहे, तेलुगू घरे असलेल्या या शहराला ते परके वाटणार नाही. पण घरातला उजेड खिडकीतून येतो आहे की दारातून, याचा पत्ता प्रत्येक दृश्यात लागतो, आणि ती शिस्त कुठून आली हे सांगायला नको. नंतर १९८८ साली फाळणीवरची ‘तमस’ ही मालिका निहलानींनी दिग्दर्शित केली तेव्हा छायालेखनासाठी त्यांनी आपल्या गुरूला बोलावले. पासष्टीला आलेले मूर्ती आपल्या जुन्या सहायकाच्या दिग्दर्शनाखाली, घरोघरच्या छोट्या पडद्यासाठी काम करत होते. त्याच सुमारास बेनेगल यांच्या ५३ भागांच्या ‘भारत एक खोज’चेही छायालेखन त्यांनी केले. एका भागात वेदकाळ, दुसऱ्यात मोगल दरबार, तिसऱ्यात स्वातंत्र्यलढा. वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे. १९९३ मध्ये त्यांनी ‘हूवू हण्णू’ हा कन्नड चित्रपट केला. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला, आणि तो मिळवणारे ते पहिले छायालेखक ठरले. २०१४ मध्ये बंगळूरलाच त्यांचे निधन झाले.

आता डिजिटल कॅमेरे आले, अंधारातही चित्र उमटते, मग मूर्तींच्या पद्धतीचे आज काय काम, असा प्रश्न इथले तरुण विचारतील. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्यात चित्रित झालेला ‘सैराट’ (२०१६) पुन्हा पाहावा. छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी. पूर्वार्धात चौकट मोकळी आहे, गती मंदावलेली आहे, करमाळ्याचे ऊन देखणे दिसते. नायक-नायिका हैदराबादला पोहोचताच रंग उतरतात, जागा कोंदट होतात, कॅमेरा खांद्यावर येतो. एकाच चित्रपटात दोन जाती आहेत आणि छायालेखकाने दोन्हींना आपापला प्रकाश दिला आहे.

आता आपण मूर्तींची दोन गाणी पाहणार आहोत, ‘साहिब बीबी’तला तो मुजरा आणि ‘लव्ह इन टोकियो’तले एक रंगीत गाणे. दोन्ही आधी आवाज बंद करून लावू. चेहऱ्याकडे पाहायचा मोह आवरून नाकाची सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहा, मग मागच्या भिंतीवर एकाच वस्तूच्या किती सावल्या आहेत ते मोजा. मुजऱ्याच्या वेळी डाव्या कडेच्या नर्तिकांवर नजर ठेवा आणि त्यांच्यातली एखादी चुकून उजेडाच्या रेषेत पाऊल टाकते का, ते मला नंतर सांगा.