मोबाईल काढून घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

मुलाला घेऊन आई-वडील माझ्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञाकडे येतात, तेव्हा तक्रारी साधारण सारख्याच असतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतो, सकाळी उठवलं की खेकसतो, क्लासला दांड्या मारतो, मोबाईल काढून घेतला तर अंगावर धावून येतो. सगळं सांगून झालं की विनंती येते, "डॉक्टर, याचा गेम तेवढा सोडवा." आज मला या विनंतीबद्दलच बोलायचं आहे. कारण यातल्या बऱ्याच मुलांना गेमच्या जोडीला नैराश्यही असतं, आणि ते घरात कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

यात आई-वडिलांचा दोष नाही. नैराश्य म्हटलं की आपल्याला रडवेला, गप्प बसलेला माणूस आठवतो. वयात येणाऱ्या मुलांचं नैराश्य पुष्कळदा तसं दिसतच नाही. ते चिडचिडीतून, आदळआपटीतून, उलट उत्तरांतून बाहेर पडतं. रोज संध्याकाळी बॅट घेऊन पळणारा मुलगा मैदानावर जायचा बंद होतो. मित्र हाका मारून दमतात. झोपेचं आणि जेवणाचं तंत्र बिघडतं. "मला काही जमणार नाही" हे वाक्य वारंवार ऐकू येतं. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. पण गेममध्ये गुंग झालेलं मूल बाहेरून मजेत दिसतं. वडिलांना वाटतं, याला कसलं दुःख? दिवसभर खेळतोय की!

मग आधी काय, गेम की नैराश्य? सिंगापूरमध्ये संशोधकांनी तीन हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. 2011 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 9 टक्के मुलांचं खेळणं हाताबाहेर गेलेलं होतं. जी मुलं या दोन वर्षांत त्यात अडकली, त्यांच्यात नैराश्य आणि चिंता वाढली, मार्क घसरले. आणि जी बाहेर पडली, त्यांचं नैराश्य कमी झालं. ही झाली एक दिशा. उलट दिशाही आम्हाला रोज दिसते. मूल आधीपासून खचलेलं असतं आणि त्यातून सुटका म्हणून गेमकडे वळतं. दोन्ही खरं आहे, आणि एकदा चक्र सुरू झालं की सुरुवात कुठून झाली हे शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही.

हे चक्र कसं फिरतं ते जरा सविस्तर सांगते. नववीतल्या एखाद्या मुलाची कल्पना करा. वडिलांची बदली झाली, शाळा नवी, ओळखीचं कुणी नाही. वर्गात उत्तर चुकलं की हसू होतं. तोच मुलगा रात्री गेम उघडतो. तिथे त्याचा स्क्वॉड, म्हणजे गेममधला त्याचा गट, त्याची वाट पाहत असतो. कुणीतरी म्हणतं, "भावा, तू आलास, आता जिंकलोच." तासाभरात रँक वर जाते. आपल्या मर्जीने काही करता यावं, आपल्याला काहीतरी जमावं आणि आपलं कुणीतरी असावं, या तीन गरजा माणसाच्या मुळाशी आहेत, असं डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. या मुलाला तिन्ही गोष्टी गेममध्ये मिळतात. ते मिळणं खोटं नाही, हे मोठ्यांनी मान्य केलं पाहिजे.

पण त्याची किंमत झोपेतून जाते. अपुऱ्या झोपेने सकाळी डोकं जड, वर्गात लक्ष नाही, चाचणीत मार्क कमी, घरी बोलणी. मनाची उभारी आणखी खचते, आणि संध्याकाळी गेमची ओढ आणखी वाढते. पुढे पुढे तर खेळण्यातली मजाही संपते. अशी मुलं एकटी बोलायला बसली की सांगतात, मजा येत नाही, पण बंद केलं की डोक्यात नको ते विचार सुरू होतात. हे वाक्य मला किती तास खेळतो यापेक्षा फार महत्त्वाचं वाटतं.

तासांबद्दलही बोलते, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो, "किती तास चालतील?" ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जवळपास 39 हजार खेळाडूंच्या खेळाची खरी नोंद गेम कंपन्यांकडून मिळवून तपासली. 2022 साली आलेल्या त्या अभ्यासात, निव्वळ जास्त वेळ खेळल्याने मन:स्वास्थ्य बिघडतं असं आढळलं नाही. आवडीने खेळणं आणि आतून रेटा बसल्यासारखं खेळणं, यांत मात्र फरक दिसला. जागतिक आरोग्य संघटनेनेही तासांचा आकडा दिलेला नाही. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही त्याची खूण. तेही साधारण बारा महिने आणि शिक्षण, घर, नाती यांना चांगलाच फटका बसेल इतकं. म्हणजे सुट्टीत चार तास खेळून नंतर हसत जेवायला येणाऱ्या मुलाला आजारी ठरवू नका.

नुसत्या बंदीने काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचं ठरलं. आपल्याकडे सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली आणि मुलं दुसऱ्या गेमकडे वळली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 मध्ये आलेली बंदी मात्र मला योग्य वाटते. तिथे नैराश्यावर कर्जाची आणि लपवाछपवीची भर पडते, आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं मला फार कौतुक आहे. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास सगळ्या घरांतले मोबाईल आणि टीव्ही बंद व्हायचे. सगळ्या घरांतले, म्हणजे मोठ्यांचेसुद्धा. मुलाला एकट्याला शिक्षा होत नाही, आणि त्या वेळात बोलायला, अभ्यासाला बसायला घरात माणसं असतात. बाबांच्या हातात रील्स आणि मुलाला उपदेश, हे कुठल्याच घरात चालणार नाही.

घरी सुरुवात झोपेपासून करा. रात्री सगळ्यांचेच फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. चालू मॅचमध्ये फोन हिसकावू नका. मध्येच बाहेर पडलं की सोबत्यांचं नुकसान होतं आणि मुलाची नाचक्की होते. "ही मॅच संपली की बंद" हा करार घड्याळाच्या काट्यापेक्षा नीट पाळला जातो. कधीतरी शेजारी बसून विचारा, हा गेम कसा खेळतात, तुझ्यासोबत कोण कोण असतं? सोडलेल्या गोष्टींपैकी एखादी, अगदी छोटी, परत सुरू करा. सकाळी दूध आणायला बरोबर चालत जाणं, आठवड्यातून एकदा जुन्या मित्राकडे जाणं. नैराश्यात इच्छा आधी होत नाही. आधी कृती करावी लागते, मग हळूहळू इच्छा येते.

एवढ्यानं भागलं नाही, तर उपचार घ्या. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा चांगला उपयोग होतो. गरज पडली तर औषधंही असतात. नैराश्यावरच्या औषधांचं व्यसन लागत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर वेगळं क्लिनिक आहे, पण त्यासाठी तिथवर जायलाच हवं असं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. तिथे गेल्यावर फक्त गेमबद्दल सांगू नका. झोप, भूक, मित्र, शाळा, सहा महिन्यांपूर्वी मूल कसं होतं आणि आता कसं आहे, हे सगळं सांगा. आणि डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या.

आणखी एक गोष्ट, ही कृपया गांभीर्याने ऐका. मोबाईल काढून घेतल्यावर मूल "मी जीव देईन" म्हणालं, तर "दे बघू" असं रागातही म्हणू नका. धमकी आहे की खरं, हे ठरवत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, शांतपणे विचारा की असे विचार कधीपासून येतात, आणि त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. पालकही फोन करू शकतात, मुलंही करू शकतात. क्रमांक लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.